सर्बियन आणि क्रोएशियन बोलणारे एकमेकांच्या भाषेबद्दल काय बोलतात? तुमचे अनुभव लिहा

मी बेलग्रेडला तीन वर्षं राहून सर्बियन शिकले आणि मग आम्ही क्रोएशियात झाग्रेबला आलो. पहिल्याच आठवड्यात बेकरीत 'ह्लेब' मागितला. काउंटरवरच्या बाईंनी पाव दिला आणि शांतपणे म्हणाल्या, 'क्रूह'. रागावल्या नव्हत्या, पण तो शब्द तसाच जाऊही दिला नाही. 'काफा'ची इथे 'कावा' म्हणजे कॉफी, 'हिल्यादा'ऐवजी 'तिसुचा' म्हणजे हजार, 'वोझ'ऐवजी 'व्लाक' म्हणजे आगगाडी. व्याकरण मात्र जवळजवळ तेच.

शेजारच्या आजी निवृत्त शिक्षिका. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, 'भाषा तर एकच आहे ना.' त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, '1954 साली, आम्ही सगळे युगोस्लाव्हियात होतो तेव्हा, सर्बियातल्या नोवी सादला ठरवलं की भाषा एक. पण सैन्यात, सरकारी कागदात पुढे कोणाचे शब्द यायचे? 1967 साली आमच्याकडे आमच्या भाषेच्या नावासाठी जाहीरनामा निघाला आणि सह्या करणाऱ्यांना सत्तेतल्या कम्युनिस्ट पक्षाने धारेवर धरलं.' मला भाषाशास्त्राचा मुद्दा सांगायचा होता, त्या त्यांच्या तरुणपणाबद्दल बोलत होत्या. ते वाक्य मी झाग्रेबमध्ये पुन्हा उच्चारलेलं नाही.

तुम्ही काय पाहिलंत, ऐकलंत?

बेलग्रेडहून
ताई, इथे उलटी बाजू ऐकायला मिळते. माझ्या वर्गातले मित्र म्हणतात, 'त्यांनी मुद्दाम नवे शब्द बनवलेत.' विमानाचं 'झ्राकोप्लोव' काढून हसतात, पण झाग्रेबचे लोकही बोलताना सर्रास 'आव्हियोन'च म्हणतात. महिन्यांच्या नावांवरही हसतात, ते मला खटकतं. ऑक्टोबरला 'लिस्तोपाद', म्हणजे पानगळ. हा शब्द कोणी 1991 नंतर, क्रोएशिया वेगळा झाल्यावर, बसून घडवलेला नाही, जुना स्लाव शब्द आहे. पोलिशमध्येही आहे, फक्त तिथे तो नोव्हेंबर. आपल्याकडे 'तारीख'ला 'दिनांक' म्हणणाऱ्याला आपण परका ठरवत नाही.

सारायेव्होहून
इथे बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर इशारा तीनदा छापतात: बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन. पहिले दोन अक्षरशः सारखे, तिसरा तेच शब्द सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनसारख्या लिपीत.

व्हिएन्नाहून
मी रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या पाळीत एक सहकारी नोवी सादची, एक क्रोएशियातल्या स्प्लिटची. दोघी डबा उघडला की न थांबता बोलतात. कोणती भाषा, असं विचारलं तर उत्तर येतं, 'नाश्की', आपली. घरापासून लांब आल्यावर त्यांना भाषेचं नाव घ्यायची गरजच उरलेली नाही. इथल्या विद्यापीठात मात्र ती बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशी तीन नावं जोडून शिकवतात.

वुकोवारला कामासाठी जाऊन आलेला
सगळेच इतके हलकेपणाने घेत नाहीत. वुकोवार क्रोएशियात, सर्बियाच्या सीमेवर आहे. तिथे सर्ब वस्ती एक तृतीयांशाहून जास्त भरली, म्हणून कायद्याप्रमाणे 2013 मध्ये सरकारी इमारतींवर सिरिलिक पाट्याही लागल्या. लोकांनी त्या हातोड्यांनी फोडल्या. मी ज्यांच्या घरी उतरलो त्या गृहस्थांना ती लिपी शाळेपासून वाचता येते. म्हणाले, 'वाचता येते, म्हणूनच बघवत नाही.' 1991 च्या युद्धात युगोस्लाव्ह सैन्य आणि सर्ब तुकड्यांनी शहराला घातलेल्या वेढ्यात त्यांचा भाऊ गेला. त्यांच्या शेजारच्या सर्ब बाई मला हळूच म्हणाल्या, 'मी माझं नाव त्याच अक्षरांत लिहायला शिकले. मी काय करू?' दोघांनाही मी काही उत्तर देऊ शकलो नाही.

पुन्हा मी, झाग्रेबहून
दादा, वुकोवारचं वाचून आज काही सुचलं नाही. एवढंच लिहिते. माझी मुलगी इथे तिसरीत आहे. वर्गातली मुलं यूट्यूबवर बेलग्रेडचे व्हिडिओ बघतात, तिकडचे शब्द बोलतात. तिच्या वहीत बाईंनी 'हिल्यादा'खाली लाल रेघ मारून वर 'तिसुचा' लिहिलं होतं. शेजारच्या आजींनी वही पाहिली, चष्मा काढला आणि तिला दोन्ही शब्द म्हणायला लावले.