बसून पगार? सूट घालून बघा
रासायनिक-अणु हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या सैन्याच्या युनिटात नुसतं बसून पगार मिळतो म्हणताय, पण तो कोळशाचं अस्तर असलेला सूट घालून तासभर स्ट्रेचर उचलून बघा ना राव, गॅसच्या आधी उष्माघातच गाठतो. मास्क ९ सेकंदात चढवायचा, तोही श्वास रोखून, आणि दाढीचे खुंट असले तर सील बसतच नाही (रोजची दाढी ही हौस नाही हो). खरं कसब मला विचाराल तर सूट काढण्यात आहे, बाहेरची बाजू अंगाला अजिबात न लावता. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला तेव्हा पेशंटच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेनेच हॉस्पिटलच्या स्टाफलाही त्रास झाला होता. आणि युद्ध नसलं तरी काम येतंच, २०११ ला जपानच्या फुकुशिमात बिघडलेल्या अणुभट्ट्यांवर पाणी ओतायला सैन्याचीच हेलिकॉप्टरं गेली होती.