प्रति: बिकिनीची माती आणि सिझियम
किरणोत्सारी सिझियम-१३७ चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) ३० वर्षांचे असल्याने, अमेरिकेने अणुचाचण्या केलेल्या पॅसिफिकमधील बिकिनी बेटाची जमीन आता आपोआप निवळली असेल, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. तिथली माती म्हणजे प्रवाळाचा चुनखडी चुरा. सिझियमला धरून ठेवणारी चिकणमाती तिच्यात जवळजवळ नाही आणि पोटॅशियमही अत्यल्प, त्यामुळे नारळाचे झाड पोटॅशियमची भूक त्याच्यासारख्याच सिझियमवर भागवते आणि ते खोबऱ्यात, शहाळ्याच्या पाण्यात उतरते. चाचण्यांसाठी हलवलेल्या आणि नंतर परतलेल्या रहिवाशांना १९७८ साली पुन्हा बेट सोडावे लागले ते यामुळेच. पोटॅश खत घातल्यास (आपल्या बागायतदारांच्या ओळखीचेच) नारळातील सिझियम बरेच घटते. अणुचाचण्या झालेल्या एनेवेटाक या दुसऱ्या प्रवाळद्वीपाच्या रुनिट बेटावर किरणोत्सारी कचरा झाकणारा काँक्रीट घुमट आहे; त्याचीच चर्चा फार होते. प्रत्यक्षात त्याखालच्यापेक्षा कितीतरी अधिक प्लुटोनियम लगूनच्या (प्रवाळकड्याने वेढलेल्या उथळ समुद्राच्या) गाळात उघडेच पडले आहे, आणि प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षांचे आहे.