चहापाणी, संस्कार आणि चौथा पेपर

कोरा_कागद:
"संस्कार चांगले असले की नीतिशास्त्र लागत नाही, यूपीएससीचा चौथा, म्हणजे नीतिशास्त्राचा पेपर नुसती पोपटपंची," असं काल एकाने ठोकून दिलंय आणि खाली 'अगदी बरोबर'ची रांग. मूल्य, नैतिकता, नीतिशास्त्र, सगळ्याची खिचडी! साधी वारसनोंद घ्या. तलाठ्याने हजार मागितले. आईचे हेलपाटे वाचावेत, हे तुमचं मूल्य. चहापाणी द्यायचंच असतं, ही गावात चालणारी नैतिकता. ही रीत मुळात योग्य का आणि कुठल्या कसोटीवर, हे विचारतं ते नीतिशास्त्र. पहिल्या दोन गोष्टी घरातून, गावातून येतात. दोन चांगली मूल्यंच एकमेकांच्या अंगावर आली की संस्कार गप्प बसतात.

सडेतोड:
आणि पेपर बोलतो? १० गुणांचे १३ उपप्रश्न, २० गुणांच्या ६ केस स्टडी, झाले २५०. क्लासवाले साचा हातात देतात: हितसंबंधी (निर्णयाची झळ ज्यांना बसते ते), पेच, पर्याय, गुणदोष, शेवटी गांधीजी. याने सचोटी मोजायची तर थर्मामीटरने साखरही मोजा.

मीमांसक:
साच्यात खोट नाही, भरणाऱ्यात आहे. एक पर्याय 'डोळेझाक', दुसरा 'राजीनामा', म्हणजे तिसरा आपोआप शहाणा दिसतो. हे पर्याय नव्हेत, बुजगावणी. खरा पेच महाभारताच्या कर्णपर्वातल्या कौशिक या तपस्व्याचा. सत्याचं व्रत म्हणून त्याने दरोडेखोरांना लपलेल्यांची जागा सांगितली. माणसं मेली, कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९७ मध्ये नेमकं उलट सांगतो: दाराशी खुनी आला तरी खोटं बोलू नका. यात कुणाचे संस्कार कच्चे, तेवढं सांगा.

सडेतोड:
कौशिक राहू द्या जंगलात. हजार देणाऱ्या त्या आईला तुम्ही गुन्हेगार म्हणणार?

तळटीप:
कायदा म्हणतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीपासून कलम ८ प्रमाणे लाच देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कैद. अडवून घेतली असेल तर दिल्यापासून ७ दिवसांत कळवायचं, तरच सुटका. पूर्वी देणाऱ्याला कलम २४ ची ढाल होती, ती काढून टाकली.

सडेतोड:
वा! तक्रार करायची आणि नोंद त्याच टेबलावर पडलेली. एसीत बसून कलमं लिहिणं सोपं असतं.

तळटीप:
म्हणून द्यायच्या आधी १०६४, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन लावायचा. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी, मग सापळा: नोटांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. पण नुसत्या गुलाबी पाण्यावर केस टिकत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. तक्रारदारच "घ्या साहेब" म्हणून नोटा पुढे करतो, साहेब नंतर "उसने परत आले" म्हणतात, आणि सुटतात.

कोरा_कागद:
धागा सापळ्यात अडकला. कायद्याने सोडलं म्हणून कृत्य योग्य ठरत नाही आणि धरलं म्हणून अयोग्यही नाही. आईने हजार दिले की ज्याच्याकडे हजार नाहीत त्याची फाईल खाली जाते. हितसंबंधींच्या यादीत त्याला कुणी लिहितच नाही.

सडेतोड:
हं. याला दहापैकी चार देतो. क्लासवाल्यांना मात्र कळवू नका, 'फाईल खाली गेलेला माणूस' असं नवीन प्रकरण घालून फी वाढवतील.