मदत हवी आहे: अरबी साहित्य वाचायला ठाणे-नवी मुंबईत कोणी सोबत मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी वाशीत राहते, अरबी शिकते आहे. बातम्या आता बऱ्यापैकी कळतात, पण कथा हातात घेतली की अडते आणि फार हताश व्हायला होतं.

छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे क्रियापद कर्तरी की कर्मणी, हे संदर्भावरून ठरवायचं. बातमीची वाक्यं ठरावीक, तिथे निभावतं. कथेत लेखक मुद्दाम वेगळं लिहितो. हान्स वेरचा अरबी-इंग्रजी कोश धातूंच्या (शब्दाच्या मूळ अक्षरांच्या) क्रमाने लावलेला आहे, म्हणजे धातू ओळखता आला नाही तर शब्द सापडतच नाही. एका पानात संध्याकाळ जाते आणि कथेचा रस मधेच आटतो. याचंच जास्त वाईट वाटतं.

इजिप्तचे कादंबरीकार नजीब महफूज (साहित्याचं नोबेल, १९८८) संवादही प्रमाण अरबीत लिहीत, तेवढा आधार. तिथलेच कथाकार युसुफ इद्रीस यांची पात्रं मात्र इजिप्तच्या बोलीत बोलतात. त्यात क्लासमध्ये मुअल्लकात, म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या दीर्घ कविता, सुरू केल्यात! मराठी नुकतं शिकणाऱ्याला थेट महानुभाव गद्य द्यावं, तसं हे. माझ्या मते आधी आधुनिक लघुकथाच हव्यात.

मुंब्रा-कौसा, ठाणे किंवा नवी मुंबईत मदरशात वा विद्यापीठात अरबी साहित्य शिकलेलं कोणी रविवारी सोबत वाचायला बसेल का? योग्य ती फी देईन. स्वरचिन्हं असलेल्या सोप्या कथा कुठे मिळतील? आणि बदावी-हाइंड्स यांचा इजिप्ती बोलीचा कोश कुणाकडे असेल, तर चाळायला मिळेल का?