मदत हवी आहे: पीसीवर मॅकओएस टाकतोय, सफरचंद येतं आणि स्क्रीन काळी

घाईत_आहे (शुक्रवार, रात्री ११:२०)
नमस्कार मंडळी. घरच्या असेंबल्ड पीसीवर मॅकओएस टाकतोय. पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून बूट केलं. सफरचंद येतं, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत जाते आणि स्क्रीन काळी. पेनड्राइव्ह तीनदा नव्याने बनवून झाला. नेटवर जे सापडलं ते सगळं करून बघितलंय. सोमवारी क्लायंटला आयफोनचं ॲप दाखवायचंय, तेव्हा "मॅक घे" हा सल्ला कृपया नको. काय चुकतंय?

खिळेमोळे
प्रोसेसर? मदरबोर्ड? ग्राफिक्स? मॅकओएस कोणतं? बूटलोडर, म्हणजे पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्रॅम, कोणता: ओपनकोअर की क्लोव्हर? आणि "सगळं" म्हणजे काय काय? डॉक्टरसमोर बसून नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

मॅकवाले_काका
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो. एम४ मॅक मिनी आली तेव्हा ५९,९०० ला होती. हप्त्यावर घ्या आणि निवांत झोपा. मी १५ वर्षं मॅक वापरतोय, बायोस कशाशी खातात ते मला माहीत नाही.

घाईत_आहे
@काका, हप्ते आधीच दोन चालू आहेत.
@खिळेमोळे, आय५, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. ओपनकोअर. मॅकओएस सोनोमा टाकतोय, कारण आयफोनची ॲप बनवायच्या एक्सकोड १६ ला किमान सोनोमा १४.५ लागतं.

मागचा_पोर्ट
पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात आहे ना? काढा. मागे यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात लावा. माझ्याकडे आठवडाभर असंच चाललं होतं. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ च पोर्ट धरतं, आणि ती मर्यादा उठवणारी ओपनकोअरमधली युक्ती मॅकओएस बिग सर ११.३ पासून चालत नाही. शंभर टक्के हेच.

खिळेमोळे
शंभर टक्के हे नाही. यूएसबी हरवलं तर आडव्या रेघेचं मनाईचं चिन्ह येतं आणि मागे "स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस" ही ओळ असते. यांची स्क्रीन काळी होतेय.
धागाकर्ते, आय५ कितवी पिढी? दहाव्या पिढीपर्यंत इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स चालतं, अकराव्यापासून पुढे नाही. आणि बूट आर्ग्युमेंटमध्ये "-व्ही" टाका. सफरचंदाच्या जागी पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावतील. काळं होण्याआधीची शेवटची ओळ इथे लिहा.

मागचा_पोर्ट
पोर्ट बदलायला दहा सेकंद लागतात, ओळी वाचायला रात्र जाईल. मर्जी तुमची.

रायझनवाला
इंटेलचं मला माहीत नाही, पण माझ्याकडे रायझन ५ ३६०० आणि आरएक्स ५८० आहे, मस्त चालतं. कर्नल पॅच, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्यातले बदल, टाकले आणि त्यात कोअरची संख्या बरोबर भरली की झालं. ती संख्या भरायची राहिली तर मात्र सुरुवातीलाच अडकतं.

खिळेमोळे
त्यांच्याकडे इंटेल आहे हो.

रायझनवाला
कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं.

घाईत_आहे (शनिवार, रात्री १२:५५)
मागच्या पोर्टात लावून बघितलं. तेच. -व्ही टाकल्यावर भरपूर ओळी पळतात. मोबाईलवर व्हिडिओ काढून थांबवून थांबवून बघितलं, शेवटची ओळ "आयओकन्सोलयूझर्स: जीआयओस्क्रीनलॉकस्टेट ३" अशी काहीतरी आहे. मग काळोख. स्क्रीन लॉकचा पासवर्ड वगैरे मागतंय का?

खिळेमोळे
पासवर्ड नाही. चला, गाडी रुळावर आली. ही ओळ दिसली म्हणजे कर्नल सुरू झालं, डिस्क सापडली, आणि आता ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्क्रीन ताब्यात घ्यायला गेला. इथपर्यंतचं चित्र बायोसने दिलेल्या तात्पुरत्या फ्रेमबफरवर, म्हणजे स्क्रीनचं चित्र ठेवायच्या मेमरीत, होतं. तेव्हा अडचण ग्राफिक्सचीच. कार्ड कोणतं ते तिसऱ्यांदा विचारतोय.

घाईत_आहे
कार्ड नाहीये. म्हणून लिहिलं नव्हतं. आय५ १०४००, बी४६० बोर्ड.

तुषार_सिंचन
१०४००एफ असेल तर विसरा. एफवाल्यात ग्राफिक्सच नसतं.

खिळेमोळे
एफ असता तर कार्डाशिवाय त्यांना बायोससुद्धा दिसला नसता. विचार करून लिहा.
ईएफआय फोल्डर, म्हणजे ज्यात ओपनकोअर आणि त्याच्या सेटिंग्ज असतात तो, तुम्ही स्वतः बनवलाय की कुणाचा उचललाय?

घाईत_आहे
एका व्हिडिओखाली ड्राइव्हची लिंक होती. त्याचा पण आय५ १०४०० च आहे, त्याचं चाललंय.

खिळेमोळे
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं, मालक. डोर्टानियाची ओपनकोअरवरची मार्गदर्शिका कानीकपाळी ओरडून सांगते की दुसऱ्याचा ईएफआय घेऊ नका. कॉन्फिगमध्ये, म्हणजे ओपनकोअरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, डिव्हाइस प्रॉपर्टीज उघडा. तिथे "एएपीएल, आयजी प्लॅटफॉर्म आयडी" काय आहे?

तयार_ईएफआय
मला हे पटत नाही. मी तीन मशीनवर तयार ईएफआय टाकलेत. सगळ्यांनीच शून्यापासून शिकत बसायचं म्हटलं तर काम कधी करायचं? स्वयंपाक यायलाच हवा, डबा लावायचा नाही, असं आहे का काही?

खिळेमोळे
डबा जरूर लावा. पण डबेवाल्याला तुमचं पथ्य माहीत नसतं.

घाईत_आहे
आयडी ०३००सी८९बी आहे.

खिळेमोळे
घ्या. हा हेडलेस आयडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनसाठीचा. यात इनबिल्ट ग्राफिक्स फक्त व्हिडिओ एन्कोडिंगसारखी कामं करतं, मॉनिटरला चित्र देतच नाही. त्या व्हिडिओवाल्याकडे कार्ड असणार. तुम्ही ०७००९बी३ई टाका. कॉमेट लेक, म्हणजे तुमच्या दहाव्या पिढीच्या, डेस्कटॉपवर इनबिल्ट यूएचडी ६३० ने मॉनिटर चालवायचा तर हाच. लिलू आणि व्हॉटएव्हरग्रीन हे दोन्ही केक्स्ट, म्हणजे मॅकओएसच्या कर्नलला जोडायच्या फाइली, आहेत ना तेही बघा. एसएमबायोस, म्हणजे मॅकओएसला सांगायचं मॅकचं मॉडेल, आयमॅक२०,१ ठेवा आणि बूट मेनूतून एनव्हीरॅम, म्हणजे बूटच्या सेटिंग्ज लक्षात ठेवणारी मेमरी, रीसेट करा.

जुनं_मॅकबुक
इथे जाणकार जमलेच आहेत तर विचारतो. माझ्याकडे २०१२ चं मॅकबुक प्रो आहे. त्यावर सोनोमा चालेल का? बॅटरी फुगली आहे, ती बदलणार आहे.

रायझनवाला
ओपनकोअर लेगसी पॅचरने चालेल. पण आधी बॅटरी बदला, फुगलेली घेऊन इन्स्टॉल करत बसू नका.

नियमावर_बोट
कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. ॲपलच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय की मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर टाकायचं. सायस्टार नावाची कंपनी असे पीसी विकत होती, २००८ मध्ये ॲपलने खटला भरला आणि २००९ मध्ये जिंकला.

रायझनवाला
ते विकत होते. इथे कोण विकतंय? आणि आता तसंही दुकान बंद व्हायला आलंय. इंटेलवर चालणारं शेवटचं मॅकओएस टाहो, हे ॲपलने २०२५ मध्येच सांगितलंय.

घाईत_आहे (शनिवार, सकाळी १०:१०)
आयडी बदलला. केक्स्ट होते. एनव्हीरॅम रीसेट केलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा काळं. रात्री तीनपर्यंत बसलो होतो. आता सोडून द्यावंसं वाटतंय.

मागचा_पोर्ट
कोणते १५ पोर्ट धरायचे त्याचा मॅप केलात का?

खिळेमोळे
अहो तुमचा पोर्ट!
धागाकर्ते, दोन गोष्टी बघा. काळं झाल्यावर दोन मिनिटं थांबून कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? आणि मॉनिटरचा दिवा निळाच राहतो की नारिंगी होतो?

घाईत_आहे
कॅप्स लॉकचा दिवा लागतोय. मॉनिटरचा नारिंगी होतो आणि त्यावर "नो सिग्नल" येतं.

खिळेमोळे
म्हणजे मॅकओएस आत जिवंत आहे, बहुतेक भाषा निवडायच्या स्क्रीनवर तुमची वाट बघत बसलंय. फक्त सिग्नल बाहेर येत नाही. सीपीयूच्या मागचा, मॉनिटरची वायर दिसेल असा फोटो टाका.

घाईत_आहे
फोटो अपलोड होत नाहीये. वायरचं काय? साधी मॉनिटरची वायर आहे, निळी पिन, दोन्ही बाजूला स्क्रू. मॉनिटर बाबांच्या ऑफिसातून लिलावात घेतलेला, १७ इंची. विंडोजवर काही त्रास नाही.

बोरीबंदर
व्हीजीए!!!

खिळेमोळे
मी कपाळावर हात मारून घेतलाय. माझीच चूक, पहिल्याच प्रतिसादात हे विचारायला हवं होतं. २०२० च्या बोर्डावर कुणी व्हीजीए लावत असेल हे डोक्यातच आलं नाही.

स्कायलेकपासून, म्हणजे सहाव्या पिढीपासून, इंटेलच्या ग्राफिक्समधून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. बोर्डावरचं ते निळं सॉकेट चालावं म्हणून बोर्डवाले डिजिटलचं ॲनालॉग करणारी एक छोटी चिप बसवतात. विंडोजचा ड्रायव्हर तिला सांभाळून घेतो. ॲपलने असा मॅक कधी विकलाच नाही, त्यामुळे मॅकओएसमध्ये या पिढ्यांना व्हीजीए चालत नाही. बायोस आणि पांढऱ्या ओळी दिसतात, कारण तोवर ॲपलचा ड्रायव्हर आलेला नसतो. यावर कॉन्फिगमध्ये इलाज नाही. एचडीएमआय लावा.

घाईत_आहे
मॉनिटरला एचडीएमआय नाहीये!! आता मॉनिटर पण घेऊ का?

बोरीबंदर
घरात टीव्ही आहे का?

तयार_ईएफआय
डीव्हीआयला लावायची ती पिन मिळते, शंभर-दीडशेला. ती लावा.

खिळेमोळे
तिने काही होणार नाही. या बोर्डांवर डीव्हीआय असलंच तर डीव्हीआय-डी असतं, त्यात ॲनालॉगच्या पिनाच नसतात. एचडीएमआय ते व्हीजीए असा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, ज्यात आत चिप असते तो. मॅकओएसला फक्त एचडीएमआय दिसेल, पुढे निळ्या वायरीत काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

घाईत_आहे (शनिवार, दुपारी ४:३०)
सीपीयू उचलून हॉलमध्ये टीव्हीला लावला. दिसलं!!! भाषा निवडायची स्क्रीन! पण सगळं गुलाबी आहे. बाबा म्हणाले टीव्ही बिघडवलास.

खिळेमोळे
टीव्हीला काही झालं नाही. त्या आयडीत सगळे कनेक्टर डिस्प्लेपोर्ट म्हणून नोंदलेले असतात आणि तुम्ही लावलंय एचडीएमआय, म्हणून रंगांचा घोळ. त्याच डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये फ्रेमबफर पॅच चालू करा आणि कॉन१ या कनेक्टरचा टाइप ०००८०००० करा. नाही जमलं तर कॉन२ ला तेच करून बघा.

घाईत_आहे
कॉन२ ला जमलं. रंग नीट झाले. पण इन्स्टॉलवर क्लिक केलं की इंटरनेट नाही म्हणतं. वायफाय दिसतच नाही.

बोरीबंदर
पेनड्राइव्हवर नुसतं रिकव्हरी आहे, बाकीचे दहा जीबीच्या वर ॲपलकडून उतरतं. राउटरची वायर थेट लावा. लॅन चिप रियलटेकची आहे की इंटेलची?

घाईत_आहे
बॉक्सवर रियलटेक लिहिलंय. फोल्डरमध्ये इंटेलमॉसी नावाचं काहीतरी आहे.

खिळेमोळे
ते इंटेलच्या चिपसाठी. रियलटेकआरटीएल८१११ चा केक्स्ट टाका, कॉन्फिग बदलायच्या प्रॉपरट्री ॲपमध्ये ओसी स्नॅपशॉट घ्या, नाहीतर कॉन्फिगला नवा केक्स्ट कळणारच नाही. आणि तो डबा आता बंद करा.

तयार_ईएफआय
डब्यातल्या बाकीच्या भाज्या चालल्याच ना?

घाईत_आहे (रविवार, रात्री १०:४०)
मंडळी, झालं. सोनोमा उतरायला चार तास लागले. मध्ये तीन वेळा आपोआप रीस्टार्ट झालं, दर वेळी छातीत धस्स. बाबांना मॅच बघायची होती म्हणून सकाळीच तापकीर गल्लीत जाऊन कन्व्हर्टर आणला, दुकान रविवारी उघडं मिळालं हे नशीब. आता पुन्हा माझ्या खोलीत त्याच १७ इंचीवर चाललंय. एक्सकोड टाकलं, सिम्युलेटरवर ॲप उघडलं. खिळेमोळे, बोरीबंदर, दोघांना माझ्याकडून मिसळ.

मागचा_पोर्ट
अभिनंदन. आता तरी यूएसबी मॅप करून घ्या.

खिळेमोळे
यावेळी मात्र त्यांचं ऐका. स्लीपमधून उठताना त्रास होईल नाहीतर.

घाईत_आहे
करतो. एक शेवटचं. आवाज येत नाहीये. सगळं करून बघितलं.

खिळेमोळे
कोडेक कोणता?