भाड्याच्या फ्लॅटचे ९०० रुपये अन् तो जीआर

*ए-२०१ (सेक्रेटरी):* नमस्कार मंडळी. ज्यांनी फ्लॅट भाड्यानं दिलाय त्यांना मेंटेनन्स दीडपट, तसा जीआर (शासन निर्णय) आलाय. मार्चपासून १८०० चे २७०० घ्यायलोत. फोटो खाली टाकलाय. ज्यांचं जूनचं राहिलंय त्यांनी भरून टाका 🙏

*बी-३०२ काकू:* मी एप्रिलमध्येच विचारलं होतं तर म्हणले सरकारचा नियमच आहे, मग काय भरले गप

*सी-१०४ काका:* फोटो मोठा करून बघितला. वर सिंह आहेत अन् खाली "सर्व ग्रुपवर पाठवा" लिहिलंय. मंत्रालय कधीपासून असं लिहायलं?

*ए-२०१ (सेक्रेटरी):* काका मला पण पुढून आलाय, मी कुठं बनवला

*सी-१०४ काका:* तुम्हाला नाही हो बोलत. पण कागद ओळखायला शिका. जीआरवर विभागाचं नाव, क्रमांक अन् तारीख असती. आताच्या जीआरच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतंय, सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक अमुक. तो लांबलचक आकडा असतो बगा, त्यातले पहिले ८ आकडे तारखेचेच, आधी वर्ष मग महिना मग दिवस. यात तसलं काहीच नाही.

*बी-१०१:* गूगलवर टाकलं की येतंय ना सगळं

*ए-४०२ ताई:* भाऊ तिथं बातम्याच जास्त येतेत, त्या पण अर्ध्या. महाराष्ट्र शासनाच्या साईटवर शासन निर्णय म्हणून वेगळं पान आहे तिथं विभाग निवडायचा, आपल्यासाठी सहकार, अन् शब्द मराठीत टाकायचा. मी पहिल्यांदा मेंटेनन्स टाकून अर्धा तास बसले होते, काहीच निघंना 😅 मालक स्वतः राहत नाही म्हणून जे जादा घेतेत त्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जला सरकारी भाषेत बिनभोगवटा शुल्क म्हणतेत

*बी-३०२ काकू:* हे कुठलं मराठी बाई

*सी-१०४ काका:* सापडला जीआर तरी लगेच खूश होऊ नका. वर "संदर्भ" किंवा "वाचा" म्हणून जुन्या निर्णयांची यादी असती, लोक तेच सोडून देतेत. मी तर तिथूनच सुरू करतो, कारण कोणता जुना आदेश रद्द झाला, कोणता फक्त दुरुस्त झाला ते तिथून उलगडत जातंय. अन् "अधिक्रमित" शब्द दिसला की समजायचं जुनं गेलं. एकदा एका ऑफिसात खिडकीवरच्यानं मला रद्द झालेला जीआर दाखवून दोनदा परत पाठवलं होतं, तवापासून ही सवय लागली.

*बी-१०१:* मग आपल्या केसमध्ये खरा नियम काय आहे ते सांगा की काका

*सी-१०४ काका:* १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, सहकार कायदा १९६० च्या कलम ७९अ खाली काढलेला. हे बिनभोगवटा शुल्क सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सगळ्या मेंटेनन्सच्या नाही हं, फक्त सर्व्हिस चार्जेसच्या. अन् मुलगी-जावई, भाऊ, नातू असं घरचं कोणी राहत असलं तर लागतच नाही. एवढा जुना आदेश साईटवर शोधत बसायची पण गरज नाही, आदर्श पोटनियमांत, म्हणजे सोसायटीच्या नियमांच्या सरकारी नमुन्यात, हेच आलंय. आपले पोटनियम सेक्रेटरींच्या कपाटात असतील, सभासदाला बघायचा अन् प्रत मागायचा हक्क आहे.

*ए-२०१ (सेक्रेटरी):* कपाटाची चावी जुन्या चेअरमनकडं राहिली

*बी-३०२ काकू:* 😂😂

*बी-१०१:* सोसायटीवर माहिती अधिकार टाकू का सरळ

*ए-४०२ ताई:* सोसायटीला थेट लागू होत नाही भाऊ, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका सहकारी बँकेच्या केसमध्ये सांगितलंय. पण सोसायट्यांची नोंदणी बघणाऱ्या उपनिबंधक ऑफिसला टाकता येतो, आपले नोंदणी झालेले पोटनियम त्यांच्याकडं असतेतच. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, अन् ३० दिवसांत उत्तर. फक्त "असं का केलं" विचारायचं नाही, त्याला "सदर माहिती अभिलेखावर नाही" एवढंच येतंय. अमुक पोटनियमाची प्रत द्या, एवढंच लिहायचं

*सी-१०४ काका:* शाब्बास पोरी. अन् भाऊ जीआर आला म्हणून कायदा बदलत नसतो हे पण ध्यानात ठेवा. कायदा वर, मग नियम, मग खाली जीआर अन् परिपत्रक. खालचं वरच्याला धरून पाहिजे.

*ए-२०१ (सेक्रेटरी):* चावी मिळाली. पोटनियम पुस्तक बघितलं, काका म्हणतेत तसंच आहे, १० टक्केच. आपल्या १८०० मध्ये सिंकिंग फंड, दुरुस्ती, पाणी, टॅक्स वगळून सर्व्हिस चार्जेस ११०० बसतेत

*बी-३०२ काकू:* म्हणजे ११० घ्यायचे होते अन् ९०० घेतले?

*ए-२०१ (सेक्रेटरी):* हो

*बी-३०२ काकू:* मार्च एप्रिल मे जून, ७९० च्या हिशोबानं ३१६० झाले माझे. पुढच्या बिलात वळते करा. अन् ते पुस्तक खाली नोटीस बोर्डाजवळ ठेवा, कपाटात नको

*ए-२०१ (सेक्रेटरी):* करतो काकू. तो फोटो डिलीट करायलो

*सी-१०४ काका:* माझ्या व्याह्यांच्या ग्रुपवर पण आलाय आता