कोलेस्टेरॉलला थोतांड म्हणण्याआधी प्रश्न कुठला ते ठरवा

तर्कट

"कोलेस्टेरॉलचं भूत औषध कंपन्यांनी उभं केलं" छापाचे संदेश पुन्हा फिरू लागलेत. पुरावा दरवेळी तोच: अमेरिकेने २०१५ मध्ये आहारातल्या कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली, म्हणजे शास्त्रज्ञांनी हार मानली!

माझं म्हणणं असं, की इथे दोन वेगळ्या प्रश्नांची सर्रास गल्लत होते. रक्तातलं एलडीएल, म्हणजे "वाईट" म्हणतात ते कोलेस्टेरॉल, जास्त असलं की धमन्यांत थर साचतो का, आणि ते उतरवल्यावर झटके कमी होतात का, हा एक. काय खाल्लं की एलडीएल चढतं, आणि खाणं बदलून हृदयविकार टळतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालेलं आहे. दुसऱ्याचं अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणावर बोट ठेवून लोक पहिलंच उत्तर खोडायला बघतात.

आईवडील दोघांकडून एलडीएल रिसेप्टरचं (रक्तातलं एलडीएल उचलून घेणाऱ्या, पेशींवरच्या प्रथिनाचं) सदोष जनुक आलेली मुलं बघा. त्यांचं एलडीएल इतरांच्या कितीतरी पट असतं आणि उपचार झाले नाहीत तर विशीच्या आतच झटका येऊ शकतो. त्यात ना सिगारेट, ना ताणतणाव, ना खाण्यातली चूक. या रिसेप्टरवरच्या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आता औषधं घ्या. रेझिन आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतं. स्टॅटिन यकृतातली निर्मिती रोखतं. इझेटिमाइब आतड्यातलं शोषण थांबवतं. पीसीएसके९ हे रिसेप्टर नष्ट करणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं यकृतावरचे रिसेप्टर टिकवून धरतात. चौघांच्या वाटा वेगळ्या, तरी एलडीएल जेवढं उतरतं त्या मानाने झटके कमी होतात. स्टॅटिनच्या चाचण्या एकत्र केल्यावर दर १ मिलिमोल घटीमागे, म्हणजे रक्ताच्या अहवालातल्या (दर डेसिलिटर) साधारण ३९ मिलिग्रॅममागे, मोठे रक्तवाहिनीविकार सुमारे २२ टक्क्यांनी कमी झालेले दिसतात.

रक्तातला कुठलाही आकडा हलवला की फायदा होतोच, असंही नाही. एचडीएल, म्हणजे "चांगलं" म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढवणारं टोरसेट्रॅपिब हे औषध आठवा. एचडीएल झकास वाढलं, मृत्यूही वाढले, आणि २००६ मध्ये चाचणी मधेच थांबवावी लागली. एलडीएल या परीक्षेत पुन्हापुन्हा पास झालंय.

उलटतपासणी

साफ असहमत. दोन प्रश्न वेगळे करण्याची ही युक्ती सोयीची आहे. पन्नास वर्षं लोकांना ही एकच साखळी म्हणून विकली गेली: संपृक्त चरबी (तूप, लोणी, मटणातली) खा, कोलेस्टेरॉल चढेल, हृदय बंद पडेल. साखळीची एक कडी तुटल्यावर आता म्हणायचं की त्या दोन साखळ्या होत्या.

मिनेसोटाचा प्रयोग वाचलाय का? १९६८ ते १९७३, सहा मनोरुग्णालयं आणि एक शुश्रूषागृह, ९,४२३ माणसं. अर्ध्यांना संपृक्त चरबी कमी करून मक्याचं तेल दिलं. कोलेस्टेरॉल जवळपास १४ टक्के उतरलं. मृत्यू? कमी झाले नाहीत. मुख्य निकाल छापायला १९८९ उजाडलं, आणि बाकीची आकडेवारी संशोधकाच्या मुलाला घराच्या तळघरात खोक्यांमध्ये सापडली. २०१६ मध्ये ती नव्याने तपासली तेव्हा दिसलं की ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त उतरलं त्यांच्यात मृत्यूचा धोका उलट जास्त होता, दर ३० मिलिग्रॅम घटीमागे २२ टक्के. निकाल मनासारखा लागला असता तर तो सोळा वर्षं रखडला असता का?

आणि १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी साखरेवरचा संशय चरबीकडे वळवणारा आढावा लिहिला, त्याचे पैसे अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने मोजले होते. हेही २०१६ मध्येच उजेडात आलं. अशा पायावर बांधलेल्या शास्त्रावर मी डोळे झाकून का विश्वास ठेवू?

आकडेमोड

मिनेसोटाबद्दल एक गोष्ट नेहमी गाळली जाते. त्या ९,४२३ पैकी बहुतेक जण वर्षभरही त्या आहारावर नव्हते, कारण प्रयोग चालू असतानाच रुग्णालयांतून रुग्णांना भराभर घरी सोडण्याचं धोरण आलं. थर साचायला दशकं लागतात. काही महिन्यांच्या तेलबदलाने मृत्युदर हलला नाही, यातून फारसं काही सिद्ध होत नाही, ना तुमच्या बाजूचं, ना तर्कटांच्या.

२२ टक्क्यांचं म्हणाल तर ती तुलना तेल मिळालेले विरुद्ध न मिळालेले अशी नाही. कोणाचं किती उतरलं, यावरची ती आहे. आजाराने खंगत चाललेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं आणि तो मरतोही लवकर. मोठ्या वयात कमी कोलेस्टेरॉलवाले जास्त मरतात असं दाखवणाऱ्या निरीक्षणांत हाच गोंधळ असतो.

निकाल दडपून ठेवणं मात्र वाईटच. त्याचं समर्थन नाही.

उलटतपासणी

थोडक्यात, प्रयोग पटला की पुरावा, नाही पटला की मुदत कमी. बरं, मग फ्रान्समधली लिऑनची चाचणी घ्या. एक झटका येऊन गेलेले ६०५ रुग्ण, भूमध्यसागरी पद्धतीचा आहार विरुद्ध नेहमीचा सल्ला. दोन्ही गटांत कोलेस्टेरॉल जवळपास सारखंच राहिलं, तरी आहारवाल्या गटात झटके आणि हृदयविकाराने मृत्यू खूप कमी. कोलेस्टेरॉल हललंच नाही आणि हृदय वाचलं. आता?

तर्कट

आता इतकंच, की आहार कोलेस्टेरॉलला वगळूनही हृदयाला मदत करू शकतो. रक्तदाब, गुठळी होण्याची प्रवृत्ती, सूज, अशा बऱ्याच वाटा आहेत. सिगारेट सोडल्यानेही एलडीएल न हलता धोका कमी होतो, म्हणून एलडीएल निर्दोष ठरत नाही. लिऑन माझ्या दुसऱ्या प्रश्नातला पुरावा आहे, तुम्ही तो पहिल्यात घुसवताय.

आहाराचा प्रश्न अर्धवट आहे हे मी वरच म्हटलंय. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांवर कमी चरबीच्या आहाराची प्रचंड चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला, हृदयविकारात फरक नाही. पण त्या आहाराने एलडीएल जेमतेम ३-४ मिलिग्रॅम उतरलं होतं. इतक्याशा घटीतून मोठ्या फरकाची अपेक्षाच चुकीची. सगळी चरबी एका मापाने मोजायची ही त्या काळची कल्पना होती आणि ती फसली.

वाचनमात्र

इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. एवढे देश, एवढे प्रयोग, पण माझ्यासारख्याने अंडं खायचं की नाही हे कोणीच सांगत नाही.

आकडेमोड

@वाचनमात्र, खा. एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं खरं, पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांत निर्मिती कमी करतं. काही जणांचं मात्र खाण्याबरोबर बऱ्यापैकी चढतं, तेव्हा रक्त तपासून बघणं उत्तम. १९१३ मध्ये अनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर आणले. ससा शाकाहारी, त्याला हे पेलत नाही; उंदीर आणि कुत्री त्याच खुराकावर ठणठणीत राहिली. गंमत म्हणजे चरबी आणि हृदयविकाराचं नातं मांडणारे, ज्यांच्या नावाने सगळे शंख करतात ते अमेरिकन संशोधक अँसेल कीज स्वतःच म्हणत होते की खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा माणसाच्या रक्तावर फारसा परिणाम होत नाही. २०१५ ची "माघार" ती हीच. एलडीएलबद्दल तिथे कोणी काही मागे घेतलेलं नाही.

संपृक्त चरबीची गोष्ट वेगळी. तिने एलडीएल वाढतं. पण ती काढून तिथे मैदा आणि साखर भरली तर फायदा दिसत नाही, असंपृक्त तेलं आणली तर दिसतो. चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात संपृक्त चरबी किमान दोन वर्षं कमी ठेवल्यावर हृदय-रक्तवाहिनीच्या घटना मिळून १७ टक्के कमी आल्या. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक नाही. ट्रान्स फॅटबद्दल (वनस्पती तुपासारख्या गोठवलेल्या तेलातली चरबी) १९९० नंतर वाद उरलेलाच नाही: तो एलडीएल वाढवतो आणि वर एचडीएलही पाडतो.

उलटतपासणी

कीजचं नाव काढलंतच, तर हेही सांगा की त्यांच्या हाताशी चरबी आणि हृदयविकाराची २२ देशांची आकडेवारी होती आणि त्यांनी सोयीचे ७ निवडले.

आकडेमोड

हे तर क्रमानेच चुकीचं आहे. २२ देशांची टीका १९५७ ची, येरुशाल्मी आणि हिलबो यांची, आणि ती कीजच्या १९५३ च्या सहा देशांच्या आलेखावर होती. सात देशांचा अभ्यास सुरू झाला १९५८ मध्ये. टीका आधीची, अभ्यास नंतरचा! त्या अभ्यासावर खरे आक्षेप आहेतच (देश यदृच्छेने निवडलेले नव्हते, देशांच्या सरासऱ्यांवरून माणसांबद्दल बोलता येत नाही), ते घ्या की. खोटा कशाला?

नाडीपरीक्षा

मी रोज रुग्ण बघतो, म्हणून थोडं चिडून लिहितोय. असले संदेश वाचून झटका येऊन गेलेला माणूस परस्पर गोळ्या बंद करतो. ४,४४४ रुग्णांच्या १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत हेच लोक होते, आधीच हृदयविकार असलेले. पाच-साडेपाच वर्षांत नुसत्या सल्ल्यावर आणि नकली गोळीवर २५६ गेले, सिम्व्हास्टॅटिनवर १८२. एकूण मृत्यू, सगळ्या कारणांचे. "आकडा उतरतो पण माणूस वाचत नाही" म्हणणाऱ्यांनी यावर बोलावं.

स्नायू दुखण्याची तक्रार खरी असते, पण २०२० च्या सॅमसन चाचणीत स्टॅटिन सोडून दिलेल्यांना कधी स्टॅटिन, कधी नकली गोळी, कधी काहीच नाही असे महिने दिले, तेव्हा त्रासाचा ९० टक्के भाग नकली गोळीवरही तसाच होता. मधुमेहाचा धोका थोडा वाढतो, तो सांगायलाच हवा आणि मी सांगतो.

उलटतपासणी

झटका येऊन गेलेल्यांबद्दल माझा वादच नाही, डॉक्टरसाहेब. माझा वाद निरोगी माणसाबद्दल आहे. स्कॉटलंडची १९९५ ची स्टॅटिनची चाचणी, ६,५९५ पुरुष, झटका न आलेले. झटके आणि हृदयविकाराने मृत्यू यांत "३१ टक्के घट" असा गाजावाजा झाला. मूळ आकडे? ७.९ टक्क्यांवरून ५.५. म्हणजे पाच वर्षं गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या दोघा-तिघांना फायदा, बाकीच्यांनी गोळ्या फुकट गिळल्या. रुग्णाला ३१ सांगता की २.४?

नाडीपरीक्षा

दोन्ही. आणि ज्याचा मूळ धोकाच कमी, त्याला गोळीचा आग्रह करत नाही.

तर्कट

२.४ हा पाच वर्षांचा हिशोब. एलडीएलचं ओझं आयुष्यभराचं असतं. पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे जन्मापासून एलडीएल २८ टक्के कमी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला, २००६ चा अभ्यास. पाच वर्षांच्या गोळीने एवढा फरक पडत नाही तो याचमुळे.

उलटतपासणी

त्या ८८ टक्क्यांच्या पोटात शिरा. बदल असलेले लोक ८५, त्यांत हृदयविकार झालेला १. आणखी दोघांना झाला असता तर तुमचा आकडा कोसळला असता.

आकडेमोड

बरोबर, म्हणून मी ८८ वर कधीच भर देत नाही. त्याच अभ्यासातला दुसरा गट बघा: गौरवर्णीय, एकूण साडेनऊ हजार, सौम्य बदल असलेले सुमारे ३ टक्के. एलडीएल १५ टक्के कमी, हृदयविकार ४७ टक्के कमी. हा आकडा एका माणसावर टांगलेला नाही.

उलटतपासणी

जनुक जन्मापासून असतं, गोळी पन्नाशीत सुरू होते. तीस-चाळीस वर्षं गोळी घेतलेल्यांची चाचणी दाखवा, मग बोलू.

आकडेमोड

तशी चाचणी नाही. पण तुम्हीच आणलेल्या स्कॉटलंडच्या चाचणीतल्या लोकांचा पुढे मिळून २० वर्षं मागोवा घेतला गेला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांत साधारण सारख्याच प्रमाणात लोक स्टॅटिन घेत होते, सुमारे तिघांत एक. तरीही ज्यांना पहिली पाच वर्षं खरी गोळी मिळाली होती त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू वीस वर्षांनंतरही कमीच होते. तुमचा २.४ चा हिशोब पाचव्या वर्षी थांबतो. तो विसाव्या वर्षापर्यंत नेऊन परत मांडा.